सहप्रवाशाचा देश ओळखण्याचा खेळ

पहाटे तीन वाजता कतारमधल्या दोहाच्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघत बसायचं असलं की मी एक खेळ खेळते. समोरून जाणारा माणूस कुठल्या देशाचा, ते मनातल्या मनात ठरवायचं आणि मग तो कुठल्या गेटपाशी जाऊन बसतो ते बघायचं. गेट म्हणजे काही जन्माचा दाखला नव्हे, पण खेळापुरतं चालतं. बूट, चालण्याची ढब, मुलाला हाक मारतानाचा आवाज, बॅग शेजारच्या खुर्चीवर ठेवली की मांडीवर घेतली, एवढ्या भांडवलावर निकाल द्यायचा. बरीच वर्षं खेळतेय आणि अजून कच्चीच आहे. मोठमोठ्या हातवाऱ्यांवरून ज्या जोडप्याला मी इटलीत धाडलं होतं, ते ओस्लोच्या विमानात चढलं. कपाळाला आठी घालून बसलेला, चार तासांत एकदाही न हसलेला एक म्हातारा मी पार मॉस्कोचा ठरवून टाकला होता. तो साओ पावलोच्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि तिथे कुणी ओळखीचं भेटल्यावर खो खो हसायला लागला.

माझा खेळ माझ्यापाशीच राहतो, त्यात कुणाचं काही जात नाही. पण हल्ली तोच खेळ उघड्यावर चालतो. विमान थांबायच्या आत उठून उभे राहिलेल्यांचा व्हिडिओ, फोनवर मोठ्याने बोलणाऱ्याचा व्हिडिओ, सीटवर पाय वर घेऊन बसलेल्या बाईचा फोटो. त्याखाली देशाचं नाव आणि त्याखाली शेकडो अनोळखी माणसांचा निवाडा: हे लोक असेच, त्यांची संस्कृतीच तशी. ज्याचा चेहरा सगळ्यांना दिसतोय त्याला काही विचारावं, असं त्यातल्या कुणालाच वाटत नाही. माझं म्हणणं असं आहे की लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात आपण ज्याला संस्कृतीचा फरक म्हणतो, त्यातला मोठा हिस्सा पासपोर्टचा, पैशाचा आणि सरावाचा असतो. संस्कृती त्यात असते, पण शेवटी उरते तेवढीच. आणि आपण मोजायला सुरुवात मात्र तिच्यापासून करतो.

पासपोर्टपासूनच सुरुवात करते. आज जन्मापासून असल्यासारखी वाटणारी ही वही तशी नवीच आहे. पहिल्या महायुद्धाआधी युरोपातल्या बऱ्याच देशांमध्ये पासपोर्टशिवाय ये-जा चालत असे. युद्धात बंधनं आली, ती युद्ध संपल्यावर गेली नाहीत. 1920 मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवली आणि 32 पानी पुस्तिकेचा नमुना ठरवून दिला. ही पीडा कधीतरी कायमची जावी, अशी इच्छा त्या काळात उघडपणे बोलली जात होती. शंभर वर्षं झाली. हेन्ली पासपोर्ट इंडेक्सच्या 2025 च्या यादीत सिंगापूरच्या नागरिकाला 190 हून अधिक ठिकाणी आधी व्हिसा न काढता जाता येतं, तर अफगाणिस्तानच्या नागरिकाला तिसाच्या आत.

हा आकडा नुसता वाचला तर त्यात काही दिसत नाही. तो दिसतो गेटपाशी. शेंगेन देशांमधल्या, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या विमानतळावर नुसतं विमान बदलायचं असलं, शहरात पाऊलही टाकायचं नसलं, तरी 12 देशांच्या नागरिकांना त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो. काही सवलती आहेत, पण नियम हा. अफगाणिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, इथिओपिया, नायजेरिया, घाना ही त्या यादीतली काही नावं. म्हणजे प्रतीक्षागृहातल्या एकाच रंगाच्या दोन खुर्च्यांवर दोन माणसं बसली आहेत. एक सहज येऊन बसला आहे, दुसऱ्याने त्या खुर्चीवर चार तास बसायला आधी अर्ज केलेला आहे. पहिला पाय लांब करून डुलकी घेतो. दुसरा दर दहा मिनिटांनी छातीशी धरलेल्या फायलीत काहीतरी चाचपतो, बोर्डावर गेट नंबर लागला रे लागला की सगळ्यात आधी जाऊन उभा राहतो. आपण दोघांकडे बघतो आणि म्हणतो, त्या देशातले लोक किती निवांत, आणि हे बघा, कशी घाई!

त्या घाईचं आणखी एक कारण आहे. ते प्रवाशांच्या स्वभावात नसून विमान कंपन्यांच्या हिशेबात आहे. कागदपत्रं अपुरी असलेला प्रवासी नेला तर अनेक देश त्या कंपनीला दंड करतात आणि त्या माणसाला परत न्यायची जबाबदारीही तिच्यावर टाकतात. त्यामुळे सीमेवरच्या अधिकाऱ्याचं अर्धं काम हजारो मैल अलीकडे, गेटवरच्या कर्मचाऱ्याला करावं लागतं. काही पासपोर्ट नुसते चाळले जातात, काही बाजूला घेतले जातात. परतीचं तिकीट कुठे आहे, हॉटेलचं बुकिंग दाखवा, तिथे कोण आहे तुमचं? हे ज्याने दोनदा अनुभवलं आहे तो तिसऱ्या वेळी रांगेत लवकर उभा राहणारच. काउंटरवर गठ्ठा ओतून एकदम सगळे कागद पुढे करणारच, आणि त्याच्या मागे उभा असलेला, दोन सेकंदांत आत जाणारा प्रवासी डोळे आकाशाकडे लावणारच.

ज्या दोहाच्या विमानतळावर बसून मी माझा खेळ खेळते, तिथून 2018 पर्यंत बहुतेक परदेशी कामगारांना मालकाच्या परवानगीवाचून देश सोडता येत नसे. घरकाम करणाऱ्यांना आणि आणखी काही गटांना ही मुभा 2020 मध्ये मिळाली. कागद नीट असूनही दार आयत्या वेळी बंद होऊ शकतं, हे ज्याला ठाऊक आहे तो दाराजवळ उभा राहतो. याला हवं तर संस्कृती म्हणा. मी त्याला आठवण म्हणेन.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या मोजणीप्रमाणे 2024 मध्ये जगभरात आंतरराष्ट्रीय पर्यटकांच्या सुमारे 140 कोटी फेऱ्या झाल्या. दुसऱ्या बाजूला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2022 मध्ये स्वतःचा देश सोडून काम करणारे किंवा काम शोधणारे लोक होते 16 कोटी 77 लाख. विमानात हे दोन्ही जण शेजारी शेजारी असतात. एक बघायला निघालेला आणि दुसरा राबायला. प्रवासवर्णनं, ब्लॉग, व्हिडिओ बहुतेक पहिल्याचेच असतात. त्यामुळे कोण कोणाकडे बघतं हेही ठरून गेलेलं असतं. बघण्याची हौस एकतर्फी नसते हो, तोही आपल्याकडे बघत असतो. त्याने आपल्याबद्दल काय ठरवलं ते तो छापत नाही, इतकंच.

एक प्रसंग सांगते. रात्रीचं लांबचं विमान, माझी सीट मधली. खिडकीपाशी चाळिशीचा एक माणूस. त्याचा देश मी मुद्दाम सांगत नाही, कारण सांगितला की वाचणाऱ्याच्या मनात तयार असलेला साचा लगेच येऊन बसेल आणि पुढचं कुणी ऐकणार नाही. दिवे मालवल्यावर त्याने कर्मचाऱ्यांना बोलावण्याचं बटण दाबलं. हवाई कर्मचारी आली, काय हवंय विचारलं, तो नुसता ओशाळून हसला. ती गेली. त्याने पुन्हा दाबलं. ती आली, या वेळी तिचा आवाज जरा कोरडा होता. तिसऱ्या वेळी मागच्या रांगेतून कुणीतरी त्याच्या देशाचं नाव घेतलं, हळू, पण ऐकू जाईल असं, आणि पुढे ‘मॅनर्स’ हा शब्द आला. खरं सांगायचं तर माझ्याही मनात त्या क्षणी तेच होतं. मग तो मांडीवरचं पाकीट उघडून अंधारात कागद डोळ्यांजवळ नेताना दिसला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला दिवा लावायचा होता. त्या विमानात दिव्याचं बटण आणि बोलावण्याचं बटण अगदी एकमेकांना खेटून होती आणि दोन्हींवरची चित्रं करंगळीच्या नखाएवढी. मी हात पुढे करून बरोबर बटण दाबलं. तो इतका आनंदला की मलाच कसंनुसं झालं.

उतरण्याआधी वाटलेलं कार्ड त्याने पासपोर्टसकट माझ्यापुढे धरलं. पेन माझ्याकडे होतं आणि त्या कार्डावरची लिपी त्याची नव्हती. मी नाव उतरवलं, जन्मतारीख उतरवली. व्यवसायाच्या रकान्याशी थांबून मी त्याच्याकडे बघितलं, तर त्याने दोन्ही हातांनी हवेत स्टिअरिंग फिरवून दाखवलं. मोठं स्टिअरिंग. ट्रक असावा. ज्या माणसाला दहा टनी गाडी चालवता येते त्याला विमानातलं बटण कळत नाही, यात नवल काय? मला ट्रकमध्ये बसवलं असतं तर मी बटणंच दाबत बसले असते आणि मागच्या गाड्यांमधून माझ्या देशाचं नाव ऐकू आलं असतं.

यालाच मी सराव म्हणते. विमानप्रवास ही एक शिकायची गोष्ट आहे, आणि तिचे बहुतेक नियम कुठेच लिहून ठेवलेले नसतात. तपासणीच्या आधी पट्टा काढायचा, लॅपटॉप कधी बाहेर काढायचा आणि कधी नाही, सीट मागे नेताना आधी वळून बघायचं, मधल्या सीटवाल्याला दोन्ही हातकठडे द्यायचे की नाही (द्यायचे, असं माझं पक्कं मत आहे), विमान थांबल्यावर पुढच्या रांगा आधी रिकाम्या होऊ द्यायच्या. दहाव्या प्रवासात हे अंगवळणी पडतं आणि मग आपण पहिला प्रवास विसरतो. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त विसरतो तो आपल्याच देशबांधवांच्या बाबतीत. परदेशी विमानतळावर स्वतःच्या देशाची माणसं दिसली की काही जणांच्या चेहऱ्यावर जी अस्वस्थता येते, ती मी अनेक देशांच्या लोकांमध्ये बघितली आहे. जरा लांब जाऊन बसतात, स्वतःची भाषा बोलायची टाळतात, इंग्रजीत कुजबुजतात. दोघांची संस्कृती एकच असते. फरक असतो पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या संख्येचा. ‘संस्कृती’ या शब्दाची खरी परीक्षा इथेच होते आणि तो इथेच नापास होतो.

आता उलट बाजूला उत्तर द्यायला हवं, कारण ती बाजू कच्ची नाही. संस्कृतीचे फरक असतातच. बल्गेरियात नकार देताना मान वर उडवतात आणि होकारासाठी आडवी हलवतात. तिथे पहिल्यांदा गेलेल्याची फजिती काही पासपोर्टमुळे होत नाही. परक्या माणसापासून किती लांब उभं राहायचं, हेही देशागणिक बदलतं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 42 देशांमधल्या जवळजवळ नऊ हजार लोकांना हे अंतर विचारलं होतं. अर्जेंटिनातल्यांना पाऊण मीटरच्या आसपास पुरत होतं, रोमानियातल्यांना त्याच्या जवळपास दुप्पट लागत होतं. या दोघांना एका रांगेत उभं करा. पहिल्याला दुसरा तुसडा वाटेल, दुसऱ्याला पहिला अंगावर येणारा. दोघंही आपापल्या घरी सभ्य. हा फरक खरा आहे आणि बघायला फार गोड आहे. रांगेतला मागचा माणूस अर्धं पाऊल पुढे येतो, पुढचा नकळत अर्धं पाऊल सरकतो. अशी एक जोडी मी इस्तंबूलच्या विमानतळावर जवळजवळ दोन मीटर सरकताना पाहिली आहे. दोघांपैकी कुणालाही आपण सरकतोय याचा पत्ता नव्हता. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं होतं की बायका आणि वयस्कर माणसं जास्त अंतर पसंत करतात आणि उष्ण हवेच्या देशांत परक्यांमधलं अंतर कमी असतं. म्हणजे एका देशाच्या आतही एकच माप चालत नाही.

शिवाय विमान ही या मापांची थट्टा करणारी जागा आहे. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने 1966 मध्ये माणसांमधल्या अंतराचे टप्पे मांडले. त्यातला अगदी आतला, म्हणजे जिवलगांसाठी राखलेला टप्पा साधारण 45 सेंटीमीटरपर्यंतचा. इकॉनॉमीतल्या सीटची रुंदी असते 17 ते 18 इंच, म्हणजे तेवढीच. तिकिटाच्या पैशांत आपण दहा तास परक्या माणसाच्या जिवलग टप्प्यात बसतो. हवा वाळवंटासारखी कोरडी आणि आतला दाब साधारण दोन हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा. डोकं जड, पाय सुजलेले, घड्याळ भलत्याच देशाचं. अशा अवस्थेत कुठल्या संस्कृतीचा माणूस स्वतःच्या संस्कृतीसारखा वागतो? तिथे जे दिसतं ते दमलेल्या शरीराचं वागणं असतं, आणि ते सगळीकडे बऱ्यापैकी सारखं असतं. विमान थांबताच उभं राहणाऱ्यांमध्ये मी ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती असे कितीतरी देश पाहिले आहेत. गुडघ्यांना पासपोर्ट नसतो.

रांग मोडणं हा देशांच्या निवाड्यातला सगळ्यात लाडका गुन्हा. त्याबद्दल अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1986 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. न्यूयॉर्कमधल्या 129 रांगांमध्ये त्यांनी मुद्दाम मधे घुसणारी माणसं पाठवली. एकट्या घुसखोराला जवळजवळ निम्म्या रांगांनी मुकाट घुसू दिलं. दोघं घुसले तर मात्र विरोध खूप वाढला. शहर तेच, लोक तसेच, फक्त घुसणारे किती आणि त्यांच्या मागे प्रयोगवाल्यांचीच गप्प उभी माणसं किती, एवढंच बदललं होतं. रांगेची शिस्त रक्तात असते, असं मानणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा. दुसरा अभ्यास विमानातल्या भांडणांचा, 2016 चा. ज्या विमानांत फर्स्ट क्लास होता तिथे इकॉनॉमीतल्या हाणामाऱ्या आणि आरडाओरडा अधिक आढळला, आणि चढताना फर्स्ट क्लासमधून चालत मागे जावं लागलं तर आणखी अधिक. या निष्कर्षांवर पुढे आक्षेपही घेतले गेले, ते असोत. मला त्यातला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. भांडणारा कुठल्या देशाचा, हे विचारण्याऐवजी त्याला कुठून चालत नेलं, हे कुणीतरी विचारलं.

मानसशास्त्रात या चुकीला नाव आहे. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 मध्ये ते दिलं: ‘फंडामेंटल अॅट्रिब्यूशन एरर’. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना आपण त्याच्या स्वभावाला फार वजन देतो आणि परिस्थितीला फार कमी. विमानतळावर आपण त्यापुढे आणखी एक पायरी जातो. स्वभावावरही थांबत नाही, थेट नकाशाकडे धावतो. आपण धावत रांग तोडली तर आपलं पुढचं विमान सुटत होतं. त्याने तोडली तर त्याचा देशच तसा.

मग काय, सगळं माफ करायचं? रात्री दोन वाजता फोनचा आवाज मोठा करून व्हिडिओ बघणाऱ्यालाही समजून घ्यायचं? मुळीच नाही. त्याला आवाज बंद करायला सांगायचं. मी सांगते, आणि बहुतेक वेळा तो करतोही. सांगणं आणि चित्रित करणं यात जो फरक आहे तोच माझा मुद्दा आहे. सांगितलं तर तो सहप्रवासी राहतो, व्हिडिओ काढला की नमुना होतो. झोपलेल्या, घाबरलेल्या, गोंधळलेल्या माणसाचं चित्रण त्याच्या परवानगीशिवाय जगासमोर टाकण्याला विमान कंपन्यांनी मज्जाव करावा, निदान विमानात चढल्यावर सुरक्षेच्या सूचनांबरोबर तसं एक वाक्य सांगावं. आणि बटणांवरची चित्रं मोठी करावीत. हे मी गमतीने म्हणत नाही. ज्या मार्गावर निम्मं विमान पहिल्यांदा प्रवास करणाऱ्यांचं असतं, तिथे सूचना त्यांच्या भाषेत नसणं ही कंपनीची उणीव आहे आणि तिचं बिल आपण त्या प्रवाशांच्या संस्कृतीच्या नावाने फाडतो. कागदपत्रांची चौकशीही सगळ्यांसमोर, मागचे ताटकळत असताना करायची गरज नसते. चार पावलं बाजूला एक टेबल ठेवलं तरी भागतं. ज्या विमानतळांवर ते ठेवलेलं असतं तिथे तीच माणसं, त्याच फायली घेऊन, बरीच शांत उभी असलेली मी पाहिली आहेत.

त्या रात्रीच्या विमानातून उतरल्यावर इमिग्रेशनच्या दालनात आम्ही सगळे वेगवेगळ्या रांगांमध्ये विखुरलो. मी लिहिलेलं कार्ड त्याने दोन बोटांत धरलं होतं, ओलं असल्यासारखं. माझ्या पुढे दोघं उरले असताना त्याला रांगेतून काढून भिंतीशी असलेल्या बाकावर बसवलं. तिथे आणखी पाच-सहा जण होते, सगळ्यांच्या मांडीवर पाकिटं. माझ्या पासपोर्टवर शिक्का पडला, मी खाली गेले.

सामानाच्या पट्ट्यावर गर्दी होती. माझी बॅग यायला अर्धा तास लागला. तेवढ्यात नायलॉनच्या दोरीने चारही बाजूंनी आवळलेलं एक खोकं माझ्यासमोरून चार वेळा गेलं. त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत एक नाव होतं, तासाभरापूर्वीच ते मी स्वतःच्या हाताने कार्डावर उतरवलं होतं. शेजारी उभा असलेला एकजण त्या खोक्याकडे बघून हसला आणि खिशातून फोन काढू लागला. मी पट्ट्याच्या आणि त्याच्या मधे जाऊन उभी राहिले. खोकं वळणावरून पलीकडे गेलं. माझी बॅग आली तरी मी आणखी दोन फेऱ्या थांबले. खोकं फिरत होतं आणि जिन्यावरून तो काही खाली आला नव्हता.